विहिरीवरची बिननावाची वेल आणि माझी मालमत्ता

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, विहिरीवर चढलेली वेल कोणती? मला सांगता येत नाही. मी, रुख्मिणी मारोतराव निखाडे, वय चोवीस, बी.एस्सी., शिक्षिका, राहणार जुनी शुक्रवारी, नागपूर, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्या दडपणावाचून हा कागद करताना एवढे अज्ञान आधी नोंदवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धोका थोडा म्हणतात. थोडा म्हणजे किती, हे मी विचारले. त्यांनी शुक्रवारची तारीख लिहून दिली.

१. माझे भिंग मैत्रीण वच्छला हिला द्यावे. तिने ते उन्हात धरून कागद जाळू नयेत.

२. वनस्पती वाळवून चिकटवलेली माझी वही शाळेला द्यावी. तीत सांदवाडीतल्या एकेचाळीस झाडावेलींची नावे आहेत. सतराव्या पानावर 'गुळवेल' लिहून खोडले आहे, ते तसेच राहू द्यावे. कुंपणावरच्या वेलीची बदामी आकाराची पाने पाहून, पुस्तक उघडून मी ते नाव ठरवले होते. माझी विधवा आत्या रंभाबाई हिला अक्षरओळख नाही. तिने देठ मोडला, तर पांढरा चीक आला.

"गुळवेलीले दूध कुठून येईन वं? हे उतरणवेल होय. पुस्तकानं तुले देठ मोडाले नाही सांगतलं?"

मुलींनी ती खोडाखोड जरूर पाहावी.

३. 'बाई, फुले केसांत माळायची असतात' असे कॉलेजात भर वर्गात मला म्हणणाऱ्या सहाध्यायाला मी क्षमा केलेली नाही. त्याला काही देऊ नये.

४. बेचाळिसावे पान कोरे आहे. ते त्या वेलीचे. फूल पाहिल्याशिवाय नाव ठरत नाही, असे आमचे प्रोफेसर म्हणत. म्हणून पाच वर्षे, दर श्रावणात, कळी धरली का हे पाहायला मी तिचे शेंडे कापून कागदात दाबत आले. यंदाही कापायला गेले, तेव्हा आत्या मागून म्हणाली, "दरसाल तिची मुंडी कापतं, अन् मंग पुसतं, फुलून काहून नाही राहिली?"

मी कात्री खाली ठेवली. कळ्या शेंड्यांनाच येत असाव्यात, आणि त्या येण्याआधीच मी ते नेत होते. आता शेंडे पेरूच्या झाडापर्यंत पोहोचले आहेत. कार्तिकापर्यंत त्यांना कोणी हात लावू नये, ही माझी मुख्य इच्छा.

५. माझी सायकल थोरले बंधू मुकुंददादा यांना द्यावी. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी सांदवाडी बक्षीसपत्राने मला दिली, याचे दादाला वाईट वाटले. त्याला तिथे इतवारी बाजारातल्या दुकानासाठी धान्याचे कोठार बांधायचे आहे.

"रुख्मे, नाव नाही, फूल नाही. त्या झिपरीसाठी जागा काहून अडवून राहिली?"

"दादा, कार्तिकापर्यंत थांब."

"तू राहशीन का तवरोक?"

लगेच त्याने जीभ चावली. मी ते मनाला लावून घेतलेले नाही, विसरलेही नाही.

६. मी नसताना मृत्युपत्रातली अट कोण पाळवून घेणार? आत्या चौदाव्या वर्षी या घरी परत आली, तीस वर्षे या झाडांना पाणी घालते आहे, आणि येथे तिच्या नावावर एक तांब्याही नाही. म्हणून सांदवाडी या कागदाने मी कोणालाही देत नाही. ती आता माझी राहिलेली नाही. काल सोमवारी मी आत्याला टांग्यातून रजिस्टर कचेरीत नेले आणि विहिरीसह सांदवाडी तिच्या नावे करून दिली. पाणी घराला पूर्वीप्रमाणेच मिळेल. दस्त नोंदवला गेला आहे.

सही: रुख्मिणी मारोतराव निखाडे

आमच्यादेखत सही झाली:
रुपराव नत्थूजी बोंदरे, शेजारी
चंद्रभान रामाजी ठवकर, वकिलाचे कारकून

नागपूर, मंगळवार, ता. २३ ऑगस्ट १९३८