पूनमची वेणी देव्हाऱ्यात ठेवली आहे

अजिनाथ,

पूनम पहिलीत गेली त्या वर्षी मी तिच्याच पाटीवर लिहायला शिकलो, म्हणून आज तिच्यासाठी ही चिठ्ठी लिहितो आहे. घरी आल्या आल्या तिच्यावर ओरडू नकोस. तिचे केस मी कापले.

केस कापायला तू नाही म्हणालास तेव्हापासून दोन दिवस पोर जेवली नव्हती. आज दुपारी ती कागद कापायच्या कात्रीनं वेणी तोडत बसली होती. वेणी तुटत नव्हती आणि ती रडत होती. मी ट्रंकेतली मेंढ्यांची कात्री काढली.

"आज्जा, मी काय मेंढी हाय व्हय?"

"मेंढीला कोन इचारतंय? तू सांग, कुटवर कापू?"

तिनं खांद्यावर बोट ठेवलं. पण माझा हात सवयीनं पार मानेपर्यंत गेला. पोर हसतच सुटली, मग तिनं दोन भाकरी खाल्ल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पहिली कातरलेली लोकर आपण बिरोबापुढं ठेवतो, तशी वेणी देव्हाऱ्यात ठेवली आहे. वाकडंतिकडं झालेलं नीट करायला आम्ही सात रस्त्याला पार्लरमध्ये गेलो आहोत. तुझं जेवण झाकून ठेवलं आहे.

रोज सकाळी वेणी घालताना तू तिला सांगायचास, "तुज्या आईनं वाढीवलेलं केस हायती." ती वेणी आता तू जपून ठेव, पोरीला मोकळं कर. उज्ज्वला दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारली, पोरीचे केस राखून ती परत यायची नाही.