घड्याळाचा हात

ता. ९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उ. आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे, त्यावरून उजवा हात शाबूत आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. मोडला तो डावा. दुकानाच्या पायरीवरून घसरले ती थेट मनगटावर पडले. आता कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि शिवणयंत्र एका हाताने चालत नाही. गिऱ्हाइकं येतात, हळहळतात आणि कापड घेऊन समोरच्या शिंप्याकडे जातात. त्यांची हळहळ परवडली, पण त्याच्या दुकानातली गर्दी बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले, बसून राहू नका, चाला. पण चालायचं कुठे? घर, दुकान आणि बाजार एवढंच माझं शहर. तुझे भावजी म्हणाले, बारकीला विचार, तिला इथली गल्लीन् गल्ली पाठ आहे. मी म्हटलं, ती इथे माझ्या लग्नाला आली तेवढीच. तर म्हणाले, तरी तिलाच विचार.

म्हणून विचारते. तुझ्या भिंतीवरच्या त्या जुनाट नकाशातून मला एखादी वाट काढून दे. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून तुझी ओढाताण होते हे मला कळतं, तरी दोन ओळी लिही. लोभ आहेच, तो उत्तर पाठवून दाखव.

तुझी ताई

ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू, पुढचं वाचून जास्त वाईट वाटलं. दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात ते असं. मी इकडे मुलांना भूगोल शिकवते, घरी आले की सासूबाईंचं आटोपते आणि मग त्या नकाशासमोर बसून तुमच्या राजधानीतले बुजलेले दरवाजे शोधते. आणि तुला, जिला शाळेतून घरी यायला धाकट्या बहिणीचं बोट धरावं लागायचं, तुला सगळी राजधानी आंदण मिळाली. तीस वर्षांत तू तिथे काय पाहिलंस, तर समोरच्या शिंप्याचं दुकान.

असो. आता नीट वाच. जुन्या टांकसाळीच्या मागच्या दरवाजातून आत शीर. पहिलं वळण डावीकडे. दगडी हौद लागला की उजवीकडे. पुढे कमानीखालून गेलीस की पुन्हा डावीकडे. तिथे भिंतीत एक लोखंडी कडं दिसेल. पूर्वी तिथे तोफा ओतायचे. ते कडं हात लावून बघ आणि गार आहे की कोमट ते मला लिही. इथे बसून मला तेवढंच मिळणार.

डावं-उजवं विसरलीस तर आपली लहानपणची युक्ती आहेच. घड्याळाचा हात डावा.

तुझ्या नशिबावर जळणारी,
तरीही तुझीच,
बारकी

ता. २८ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उ. आशीर्वाद.

अगं, काय जागा दाखवलीस. आधी थोडी गडबडले. हौद काही दिसला नाही, एक कोरडा खड्डा होता, तोच हौद धरला. कमानही नव्हती, पण दोन घरांमध्ये एक जाड तुळई होती, तिच्याखालून गेले. कडं मात्र मिळालं नाही. एक बुटकं दार होतं, पोत्यांच्या ढिगामागे. ढकललं तर उघडलं.

आत गोल खोली. भिंतीला वरपासून खालपर्यंत लहान लहान कोनाडे, अगदी माझ्या दुकानातल्या रिळांच्या कप्प्यांसारखे. छताला मध्यभागी ताटाएवढं भोक, त्यातून ऊन सरळ खाली पडलेलं. मी तिथेच जमिनीवर बसले. किती वेळ बसले कोण जाणे, कारण प्लास्टरपायी घड्याळ उजव्या मनगटावर बांधलंय आणि मी सवयीने दुसऱ्याच हाताकडे बघत राहते.

संग्रहालयाचे पडदे मीच शिवते, म्हणून तिथल्या बाईंना सहज सांगितलं. त्या ताडकन उठल्याच. म्हणाल्या, ही जागा कुणालाच माहीत नाही, तुमच्या नावाने नोंद करू. फार गोड बाई. त्याही मला ताईच म्हणतात. पुढच्या महिन्यात त्या मोठ्या मंडळींना घेऊन येणार आहेत आणि मी वाट दाखवणार आहे. मी आणि वाट दाखवणार. हसलीस ना?

तुझी ताई

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही हसले.

आधी वाटलं, तू कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलीस. मग कोनाड्यांचं पुन्हा वाचलं आणि हातातलं काम राहून गेलं. ताई, तो राजाचा कबुतरखाना आहे. लांबलांबचे निरोप तिथे उतरायचे. सगळे म्हणतात पाडला, मी म्हणत आले की नाही पाडला. वर्षानुवर्षं नकाशावर बोट फिरवून मला तो सापडला नाही, आणि तू तोफा शोधायला गेलीस नि त्यात जाऊन बसलीस. आंधळा मागतो एक डोळा, इथे तर न मागणारीला दोन मिळाले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या बाई तुला ताई म्हणतात हे तर दोनदा वाचलं. त्यांना सख्खी बहीण नसेल.

नाव तुझं लागू दे. मंडळी येतील तेव्हा चांगली साडी नेस.

बारकी

ता. २४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझा राग समजला, पण तो नंतर कर. आधी माझी फजिती ऐक.

प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालंय, घड्याळ जागच्या जागी आलं पण पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बाई मंडळींना घेऊन आल्या. मी तुझा कागद हातात धरून पुढे, ते सगळे मागे. आणि खोली नाही. हौद होता, कमान होती, तुझं ते कडंही होतं. पण खोली नाही. मेल्या सगळ्या गल्ल्या एकसारख्याच. दोनदा परत मागे गेले, पुन्हा कड्यापाशीच आले. मंडळींतल्या एकाने मला विचारलं की अहो, तुम्हाला चष्मा लागतो का. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण जाताना मला ताई म्हणाल्या नाहीत.

नंतर एकटी गेले, तरी तेच. आता बाजारातही लोक विचारतात, खोली सापडली का. समोरचा शिंपी तर मोठ्याने विचारतो. तू नकाशात बघून सांग, माझं कुठे चुकलं. हवं तर कडं गार होतं, हेही लिहिते.

तुझी ताई

ता. १० मार्च

चि. बारकीस,
अनेक उ. आशीर्वाद.

उत्तर नाही. सासूबाई बऱ्या आहेत ना? तू बरी आहेस ना?

दुखण्याच्या गोळ्यांनी मला भास झाला असेल, असं तुझे भावजी हळूच म्हणाले. काल वाटलं, खरंच झाला असेल. मी हल्ली त्या बाजूला जात नाही. वाट सांगू नकोस, पण खुशाली कळव.

ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळे बरे आहेत. मीच तेवढी बरी नाही, आणि त्याला औषध नाही.

तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचतानाच मला कळलं होतं. घड्याळाचा हात डावा, ही युक्ती मीच तुला दिली. तुझं घड्याळ तेव्हा उजव्या हातात होतं. म्हणून तू प्रत्येक वळण उलटं घेतलंस आणि मी नकाशावर कधी बोट नेलं नाही तिथे पोचलीस. घड्याळ डाव्या हातात परत आलं, तशी तू माझ्या वाटेने गेलीस आणि माझ्यासारखीच रिकाम्या हाती परतलीस.

हे मी त्याच दिवशी लिहू शकले असते. पत्र घडी करून ठेवलं आणि स्वतःशी म्हटलं, राहू दे. मला जे मिळालं नाही ते त्या परक्या बाईला कशाला. लोक तुला हसत होते आणि मला ते ठाऊक होतं. पण गोळ्यांचं वाचलं आणि लाज वाटली. भास नव्हता ताई. तू पाहिलंस ते सगळं खरं आहे.

घड्याळ उजव्या हातात बांध आणि बाईंना घेऊन जा. माझं नाव कुठे नको. उत्तर लिहावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन.

तुझी नालायक,
बारकी

ता. २१ मार्च

चि. बारकीस,
अनेक उ. आशीर्वाद, आणि एक धपाटा.

जळायचा मक्ता तू एकटीनेच घेतलास की काय? लहानपणी बाबा तुला शेजारी घेऊन नकाशाचं पुस्तक उघडायचे आणि मी दारातून बघायची. मला कुणी बोलावलं नाही, कारण हिला डावं-उजवं कळत नाही. त्या गोल खोलीत बसले तेव्हा पहिला विचार आला, बारकीच्या आधी मी पोचले. तुला ते लांबलचक पत्र कशाला लिहिलं असेल? मिरवायलाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी घड्याळ उजव्या हातात बांधून निघाले. खड्डा, तुळई, पोती, दार. सगळं जागच्या जागी. दार ढकललं नाही. तिथूनच परत फिरले.

मग संग्रहालयात गेले आणि बाईंना सांगितलं की मला भासच झाला होता, तुम्हाला उगाच त्रास दिला. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली. समोरच्या शिंप्यालाही तेच सांगितलं. हसेना का, तुझी सुट्टी लागेपर्यंत हसेल.

सासूबाईंपाशी बसायला तुझी नणंद येईल, मी तिला लिहिलंय. तू ये. घड्याळ कोणत्या हातात बांधायचं ते मला आता सांगावं लागत नाही, पण तुझं बोट धरल्याशिवाय मी त्या दारातून आत जायची नाही.

कोनाडे मोजायचे राहिलेत. ते तू मोज.

तुझी ताई