काकांच्या नावचा सेन्सर

२ तारीख, सोमवार
आले एकदाची. वरची खोली हवेशीर आहे, शिलाई मशीन खिडकीपाशी नीट बसलं. घरमालकीणबाई बोलक्या. शिवणकाम करते म्हटल्यावर पहिल्याच दिवशी उशांचे अभ्रे गळ्यात मारले. साखर आटोक्यात आली तरच माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, नाहीतर सुईदोरा कायमचा सुटेल, असं डॉक्टर म्हणालेत, तेही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मग कपाट उघडलं. त्यांचे मिस्टर याच खोलीत असायचे, मागे वारले. त्यांच्यासाठी वर्षाची सेवा घेतली होती: दंडावर सेन्सर चिकटवायचा, साखरेचा आकडा फोनवर येतो, सल्ला द्यायला एक ताई फोन करते. पैसे भरलेले आहेत, वाया कशाला घालवायचे, म्हणाल्या. मलाही पटलं. नाव तेवढं बदलून घ्यायचं.

५ तारीख, गुरुवार
ताई गोड बोलते, पण मला काका म्हणते. नाव बदला म्हटलं, तर म्हणे, हो काका, करते. दोनतीनदा सांगून कंटाळले. दिवसभर मशीन मारून अंग आंबतं. काका तर काका.

१० तारीख, मंगळवार
दुपारी नुसती उकडलेली भाजी खाल्ली, आकडा तीनशेवर. ताई रागावली, केक खाल्लात ना काका म्हणाली. नाही म्हटलं, तर म्हणे, सगळे असंच सांगतात. रोज दुपारी हेच चाललंय. डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन वाढवलं, ऑपरेशन पुढे ढकललं. रडू आलं मला.

१४ तारीख, शनिवार
अभ्रे द्यायला खाली गेले. टेबलाशी रिकामी खुर्ची, पुढे बशीत केक. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, यांना जन्मभर गोडाला तरसवलं, डब्याला कुलूप लावलं. शेवटच्या दिवशीही एक तुकडा मागत होते, दिला नाही. आता तरी खाऊ देत, म्हणून रोज दुपारी ठेवते.
त्या डोळे पुसत होत्या तेवढ्यात माझा फोन वाजला. आकडा चढत होता. बशीत चुरासुद्धा उरला नव्हता.

१५ तारीख, रविवार
सेन्सर ओढून काढला, कचऱ्यात टाकला. फोनवर आकडे येतच आहेत. बोट टोचून पाहिलं, आकडा तोच. बाईंचे हात धरले, बशी ठेवू नका म्हणून विनवलं. नाही ठेवणार म्हणाल्या. उद्या पहाटेच लेकीकडे निघतायत.

१६ तारीख, सोमवार
सकाळी वाढीव इन्सुलिन घेतलं. सवयीनं. आज बशी नाही, हे डोक्यातच आलं नाही—
हात कापतायत. आकडा उतरतोय. दोन मुठी साखर खाल्ली. तरी उतरतोय.
जिभेला गोड लागत नाही. खाली खुर्ची सरकली. बाई तर लेकीकडे—
ताईचा फोन. म्हणाली, आज छान जेवलात काका.
साखरेचा डबा संपला. खाली ढेकर.
अक्षर दिसत नाही. काका, एक तुकडा, एकच, मला—