चष्म्याच्या काडीवरचा कॅमेरा

प्रिय ज्ञानदा,

तुझ्या शिकारीची तिसरी फिल्म काल पाहिली. आधीच्या दोन्हींबद्दल मी फक्त अँगल चुकल्याचं कळवलं होतं. पहिल्यांदा तू कॅमेरा छातीवर बांधलास, तर फिल्मभर नुसतं तुझं कोपर. मग टोपीवर लावलास, तर बंदुकीला गाल टेकवताना तुझं डोकं कलायचं आणि अख्खं वॉशिंग्टन राज्य कलंडायचं. शेवटी मी इथे पूर्व किनाऱ्यावर, आयसेलिनला गराजमध्ये बसून चष्म्याच्या काडीवर बसेल आणि डोकं कललं तरी कॅमेरा सरळ ठेवेल अशी क्लिप केली. पस्तीस वर्षं मशीन डिझाइन केलेल्या माणसाला तेवढं जमायलाच हवं. शिकारीला मात्र तू चार वर्षं बोलावते आहेस आणि मी दर वेळी गुडघ्यांचं कारण पुढे करतो. गुडघे ठणठणीत आहेत.

तर फिल्म. गवतातून फेझंट उठला, आपल्या रानकोंबड्याचाच भाऊबंद, पण अगदी खालून, जेमतेम कमरेइतका. तुझी बंदूक वर आली. मी डोळे मिटणार होतो. तेवढ्यात कडेला तुझी कुत्री जिलबी त्याच्यामागे, थेट नेमाच्या रेषेत झेपावताना दिसली आणि बंदूक खाली आली. सोपा नेम घालवलास म्हणून मागून कुणीतरी हसलं. तू नुसती जिलबीला शीळ घातलीस. चित्र जराही हललं नाही, म्हणजे तुझं डोकं हसणाऱ्याकडे वळलंही नव्हतं. ते तीन सेकंद मी किती वेळा पाहिले, ते आईला विचार. मांस मी अजूनही खाणार नाही. पण अगं, मला तुझा फार अभिमान वाटला. हाती आलेलं असं सोडून देणं मला या वयातही साधलेलं नाही.

आता मुद्द्याचं. इथे मराठी मंडळात मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो की तू पक्ष्यांची फोटोग्राफी करतेस. पक्षी खरे, बाकी थाप. आज मंडळाच्या सुनेत्राकाकूंचा फोन आला, दिवाळीच्या कार्यक्रमात तुझी एखादी फिल्म दाखवू या म्हणून. एरवी मी कॅमेरा बिघडलाय म्हणालो असतो. आज सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण जेवणाआधी दाखवू, भरल्या पोटी शिकार नको. तेव्हा तुझी परवानगी हवी, आणि इतकी वर्षं तुला लपवलं त्याची माफीही. कॅमेरा तुझ्याच चष्म्यावर, त्यामुळे फिल्ममध्ये तू कुठेच दिसत नाहीस, नुसती बंदूक दिसते. ती माझ्या मुलीच्या हातात आहे, हे त्या हॉलमध्ये मीच उठून सांगणार आहे.

तुझाच,
बाबा