अशक्तपणाच्या औषधाची परीक्षा आणि माझ्या मागची व्यवस्था

मी, जडीबुटीच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता हे स्वहस्ते लिहिते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती नसती तर ज्यांना बरे वाटले असते, त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

१. दुकानावरचे राहते घर मुलाला. त्याने औषधांच्या वासाला कायम नाक मुरडले, पण माझ्या आजारपणात उशाशी तोच बसला.

२. दुकान आणि गोदाम मालासकट मुलीला. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही.

सासरे अशक्तपणावर दोन औषधे विकत: साधी अश्वगंधेची पूड आणि घराण्याचे महागडे शक्तीचे चूर्ण. मुलगी औषधशास्त्र शिकून आली आणि म्हणाली, "आई, लोकांना बरं वाटतं ते औषधाने की तुझ्या गोड बोलण्याने, तपासून बघूया का?"

माझे दीर ताडकन उठले. "वहिनी, चूर्ण कुचकामी ठरलं तर? आपल्याच हाताने दुकानाला टाळं लावाल!"

"भाऊजी, कुचकामी असेल तर लागू दे टाळं."

मुलीने कॉलेजची मंजुरी घेतली, थकवा असलेल्या लोकांची संमती घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एकाला अश्वगंधा, एकाला आमचे चूर्ण, एकाला नुसते पीठ. अश्वगंधेचा वास लपत नाही, म्हणून सगळे एकसारख्या कॅप्सूलमध्ये भरले. कोणाला काय मिळाले, हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

निकालाच्या दिवशी ती धापा टाकत दुकानात शिरली. "आई, अश्वगंधेने फरक पडलाय! फार मोठा नाही, पण खरा. अजून मोठी चाचणी करावी लागेल."

"आणि आपलं चूर्ण?"

"पिठाइतकंच."

मी चूर्णाच्या बरण्या तिथल्या तिथे फळीवरून उतरवल्या. भाऊजींनी रागाने समोरच दुकान थाटले आणि तेच चूर्ण मांडले. मी दारावर पाटी लावली: 'अशक्तपणा वाटतो? आधी रक्त तपासा.' अख्खा बाजार हसला.

मग शिंपीणबाई आल्या. जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. मी पूड दिली नाही. "मग दुकान कशाला उघडलंय?" म्हणून त्या कडाडल्या, पण दवाखान्यात गेल्या. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. वेळेवर ऑपरेशन झाले, त्या वाचल्या, आणि त्यांनीच माझे नाव गल्लोगल्ली केले. दुकानापुढे रांग लागली. एके दिवशी त्या रांगेत खुद्द भाऊजी उभे!

"वहिनी, हल्ली गळून गेल्यासारखं वाटतं."

"पाटी वाचलीत ना?"

त्यांची साखर वाढलेली निघाली. आता औषध चालू आहे, प्रकृती ठणठणीत आहे. ते चूर्ण त्यांच्याही फळीवरून उतरले. याहून मोठा विजय मला नको.

३. गरोदर बाई, यकृताचे रोगी आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणारे यांना मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अश्वगंधा देऊ नये. कितीही ओळखीचे असोत.

४. लोखंडी खल सुनेला. तिच्याइतके बारीक कुटणे मलाही जमले नाही; हे तोंडाने कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

५. चूर्णाच्या बरण्या भाऊजींना. रिकाम्या. माझा राग गेला आहे, पण बरण्या चांगल्या आहेत.

६. बँकेतली शिल्लक शतावरीच्या चाचणीसाठी. निकाल उलटा लागला तरी छापावा, आणि ठळक छापावा.

७. मी एवढी वर्षे जगले ती अमुक मुळीमुळे, असे माझ्यामागे कोणी सांगत सुटू नये. मी रोज दुपारी झोप घेतली. तिची परीक्षा अजून कोणी घेतलेली नाही.

ठिकाण: दुकानावरची खोली. तारीख: नऊ फेब्रुवारी.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला: शेजारचा कुलूपवाला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: त्यांचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही करता करता माझ्याशी वाद घातला, आणि जिंकल्या.