लिंबाचा खड्डा

२ फेब्रुवारी, रविवार

खड्डा झाला. दीड बाय दीड फूट, पश्चिमेच्या कुंपणाला लागून – दुपारनंतर तिथे शेजाऱ्यांच्या टाकीची सावली येते. मनीषनगरची ही काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तळाला विटांचे तुकडे. एक घमेलं शेणखत, अर्धं घमेलं रेती, दोन मुठी निंबोळी पेंड.

मग बाबा.

बाबांना जाऊन आज चौदा दिवस. राख गेटजवळच्या कण्हेरीला गाठोड्यात टांगलेली होती; घरात आणत नाहीत. गाठोडं आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याचं – उमरेडला तिच्या वडिलांनी स्वतःच्या मागावर विणलेलं, काठ अजून लालभडक.

नदी नको हे बाबांचंच म्हणणं. कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं राखेच्या विभागात होते. राख पाण्यात कालवायची, पाइपातून बंधाऱ्याकडे सोडायची. ‘जलमभर राख पाण्यात सोडली. माझी नको सोडजो.’ हे दवाखान्यात नाही, घरी म्हणाले होते, पोहे खाताना. एका प्लेटवर दोन लिंबं पिळायचे! म्हणून लिंबू.

लिंबाला राख चालत नाही. बारा वर्षं बाग करतो आहे, एवढं मला कळतं. आईला म्हटलंही – मूठभर टाकू, बाकीची दुसऱ्या झाडांना वाटून देऊ.

‘येवढा मोठा माणूस मुठीत मावते काय?’

सगळी टाकली. लुगड्याच्या तुकड्यासकट. वर माती लोटली, रोप उभं केलं, पाणी दिलं.

तसाच बाजूच्या वाफ्यात चवळी टोकली. प्रीती म्हणाली, अहो, आज तरी राहू द्या. पण बी रात्रीच भिजवलेलं होतं.

हात धुतले. जेवलो. काही वाटलं नाही.

५ फेब्रुवारी

ऑफिसात अजून लोक खांद्यावर हात ठेवतात. मी ‘हो, हो’ म्हणतो. रडलो नाही – हे प्रीतीला माहीत आहे, ती विचारत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बेसा रोडला लहानूच्या नर्सरीत गेलो. मोगऱ्याची दोन रोपं, एक जास्वंद. पांढरी जास्वंद मागितली, लाल घेऊन आलो. घरी आल्यावर कळलं. असू दे.

पेटुनियाची वाळलेली फुलं खुडली. दोन तास गेले. असे तास जातात ते बरं.

आई आता इथेच. दोघांच्या महादुल्याच्या घराला कुलूप. रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची लिंबाजवळ नेते, दोन लोटे पाणी घालते आणि बाबांना बातम्या देते. आज म्हणत होती – ‘भेंडी जून होती. प्रीतीनं उगाच घेतली.’ प्रीती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. बाबा असतानाही तक्रारी याच मार्गाने जायच्या.

चवळी उगवली. सगळीच्या सगळी.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिंबाची पानं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. मला माहीत होतं.

प्रणालीचा रोज मस्कतहून व्हिडिओ कॉल. बाबा गेले तेव्हा हिचा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला – बहिणीला बापाचं तोंड बघता आलं नाही. आता म्हणते, ‘आई, बाबा दाखव.’ आई मोबाईल झाडासमोर धरते. तिकडे ती रडते, इकडे आई डोळे पुसते. मी चवळीला काड्या लावत असतो.

पाडव्याला येते आहे. तिकीट काढलं.

२१ फेब्रुवारी

सहा पानं गळली. आई झाडायच्या आधी मी उचलली, खिशात टाकली. ऑफिसात खिशात हात घातला तर चुरा.

२३ फेब्रुवारी, रविवार

लहानूकडे पिवळं पान घेऊन गेलो. त्याने उलटंपालटं केलं.

‘काय टाकलं भाऊ खड्ड्यात?’

‘राख.’

‘कायची?’

‘चुलीची.’

‘तुमच्या घरी कुठची आली चूल?’

मी पान परत घेतलं. तो म्हणाला, ‘लिंबाले राख काहून टाकली गा? तुम्ही तं जुने माणूस. काढून टाका. सगळी नाई तं अर्धी तरी. नाईतर जाते झाड.’

काढून टाका!

घरी येऊन आईला सांगायला गेलो. ती लिंबाच्या बुडाशी वाकून म्हणत होती, ‘थंडी वाजून राहिली का तुमाले? पानं कशी गळून राहिली?’ मी नळी गुंडाळून ठेवली आणि आत आलो.

२ मार्च, रविवार

आई आणि प्रीती महादुल्याला गेल्या, कूलर आणि पेन्शनचे कागद आणायला. तीन तास हातात.

खड्डा एका बाजूने उकरला. राख मातीत मिसळलीच नव्हती. रोजच्या पाण्याने तिचा गोळा सिमेंटसारखा बसलेला. कुदळीने फोडावा लागला. कुदळ मारताना हात थांबला नाही – हे लिहून ठेवतो, कारण थांबायला हवा होता. अर्ध्याहून जास्त काढली. लुगड्याचा तुकडाही वर आला, चिखलाने माखलेला, काठ तसाच. तो परत खाली ठेवता आला असता. घाईत तोही पोत्यात गेला.

खताचं रिकामं पोतं होतं, त्यात. जिन्याखाली ठेवलं – एका बाजूला गांडूळखत, एका बाजूला कोकोपीट, मध्ये बाबा. तोंड सुतळीने बांधलं. नवी माती भरली, वरून शेणखत पसरलं, पाणी मारलं. कोणाला कळणार नाही इतकं साफ काम.

पोत्याचं पुढे काय करायचं ते ठरवलं नाही. नदीत सोडायचं नाही. बाकी कुठेही नेलं तरी आईपासून लपवूनच न्यावं लागेल.

दोघी आल्या. आईने विचारलं, जेवला का? जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

८ मार्च, शनिवार

सालीवर नख मारलं. आत हिरवं काही नाही. तपकिरी. मेलं.

आई शनिवारची मारुतीला जाते. ती कोपऱ्यावर वळली तसा लहानूकडे. तेवढ्याच उंचीचं दुसरं लिंबू. लहानूने रोप काढून दिलं. मापाची दोरी घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. अर्ध्या तासात जुनं काढलं, नवं लावलं, जुन्याचे तुकडे करून ओल्या कचऱ्यात.

आता आईशी दोन लबाड्या झाल्या. एक जिन्याखाली, एक कुंपणाशी.

९ मार्च, रविवार

आईने लोटा खाली ठेवला. खोडावरून हात फिरवला, खालून वर. ‘पानं हिरवी दिसून राहिली गा आज.’

‘हो. धरलं आता.’

तिने लोटा उचलला. मग दोन लोटे पाणी घातलं. बाबांना बातम्या दिल्या नाहीत.

हिरवी नेट बांधायची राहिली आहे. ऊन आत्ताच पाठ भाजतं.

१४ मार्च, धुळवड

चवळीवर मावा. कोवळे शेंडे काळे झाले आहेत, पाठीमागून मुंग्या. निंबोळी अर्क संपलेला, दुकानं बंद. शेजारच्यांनी रंग लावला. मी उभा राहिलो, त्यांनी लावला.

१६ मार्च, रविवार

सकाळी बघतो तर चवळी पांढरीफटक! आईने दव असतानाच साडीच्या फडक्यातून राख झटकली होती. कोराडीच्या क्वार्टरला बाबा वालाच्या वेलावर असंच करायचे, चुलीची राख.

‘कुठली आणली?’

‘होळीची हाय. चौकातून आणली वंजळभर.’

बरं केलंस म्हटलं. मुंग्या तरी गेल्या.

१९ मार्च

आईने पुन्हा राख मारली. परवाही मारली होती. वंजळ मोठी दिसते.

मावा संपत आला आहे. आईची खुर्ची हल्ली चवळीच्या मांडवाजवळ असते. तिथे सावली बरी आहे म्हणे. लिंबाला पाणी घालते, पण उभ्या उभ्या.

२३ मार्च, रविवार

नेट बांधली. कूलर धुतला, वाळ्याच्या नव्या टट्ट्या बसवल्या. मोगऱ्याला निंबोळी पेंड घालावी म्हणून जिन्याखाली वाकलो.

पोतं नाही. म्हणजे आहे – रिकामं. घडी घालून कोकोपीटखाली ठेवलेलं.

उलटं करून झटकलं. चिमूटभरही नाही! भीती वाटली. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ते हे.

प्रीतीला विचारलं, जिन्याखालचं एक पोतं होतं – ‘मी नाही हात लावला. त्या बाईंनी नेलं असेल कचऱ्यात, त्या मागे झाडतात ना.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काय होतं त्यात?’

खत, म्हटलं.

२४ मार्च

घंटागाडी थांबवली. गाडीवाला म्हणाला, ‘साहेब, कचऱ्यात कायचं खत शोधता? भांडेवाडीच्या कचरा डेपोले जाते सगळं.’ झाडणाऱ्या बाईंनाही विचारलं. त्यांनी पोतं पाहिलंच नव्हतं.

आईला विचारलं तर सगळंच सांगावं लागेल. राख काढली. झाड मेलं. दुसरं आणलं. बाप हरवला.

पाण्यात नको सोडजो म्हणाले होते. मी कचऱ्याच्या डोंगरावर सोडले.

२६ मार्च

रोज ठरवतो, आज सांगेन. आई मांडवाखाली बसून गुणगुणत असते. चवळीला शेंगा धरल्या आहेत, करंगळीएवढ्या. मी ऑफिसला निघून जातो.

२९ मार्च, शनिवार

प्रणाली आली. बॅग गेटातच टाकून थेट लिंबाकडे. खाली मातीत बसली, खोडाला दोन्ही हातांनी धरलं आणि ‘बाबा, बाबा’ करून इतकी रडली की शेजारीण गच्चीवर आली.

तीन आठवड्यांपूर्वी हे झाड लहानूच्या नर्सरीत कढीपत्त्याच्या रांगेत उभं होतं.

‘दादा, बाबांसारखंच ताठ आहे रे.’

मी हो म्हटलं. माझ्या हातात नळी होती, पाणी पायावर पडत होतं, ते कळलं नाही. आई ओट्यावर उभी होती. प्रणालीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

३० मार्च, रविवार – पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड आणलेलं होतं, तरी आईने चवळीच्या शेंगांची भाजी केली. पहिला तोडा. कांदा, तिखट, मीठ, बस. सगळ्यांना स्वतः वाढली, कोणाला हात लावू दिला नाही.

‘एक शेंग टाकू नका.’

प्रणालीने लिंबू मागितलं. विकतचं चिरलं. ‘बाबांच्या झाडाला कधी येतील?’ तीन वर्षं, म्हटलं. माझा आवाज नीट निघाला.

भाजी चांगली होती. मला चव लागली – किती दिवसांनी! पुन्हा घेतली. आई सगळ्यांच्या मागून जेवली, पोळीने कढई पुसून घेतली, आणि मग बराच वेळ तशीच पानावर बसून राहिली.

उद्या सांगायचंच. आज सण होता.

३१ मार्च, सोमवार

सकाळी प्रणाली झोपलेली. मी ‘आई’ एवढंच म्हटलं. तिने कमरेला खोचलेला लुगड्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला – धुतलेला, घडी केलेला, काठ लालभडक.

‘माझ्या बापानं विणलं हाय ते. मले पोतं सोडून पाहा लागते काय? काठ बाहेर आला होता.’ मग म्हणाली, ‘खताच्या पोत्यांत माणूस ठेवते काय गा कोणी? चवळीवर टाकलं त्याईले. रोज मूठ मूठ. मावा गेला न?’

गेला, म्हटलं.

‘लिंबू दुसरं हाय तेबी माहीत हाय मले. प्रणालीले नको सांगजो. तिले झाड पुरते.’

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. एकाहत्तर दिवसांनी. तुकडा तोंडावर धरून रडलो. आई बाजूला बसून शेंगा निवडत होती. नंतर म्हणाली, ‘ऊठ. ऊन चढायच्या आत पाणी दे.’

मी आधी चवळीला दिलं.