न झालेला नफा

डिंडोली, सुरत
१६ जानेवारी २०२४

ती. सुषमाताईस,
हेमराजचा सा. न. वि. वि.

तिळाचे लाडू पोचले, हर्षदाने शाळेतून येताच निम्मे संपवलेही. तू धंद्याचं विचारलंस. इथल्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या चार लूम्सना, म्हणजे यंत्रमागांना, भांडवल याकूबभाईंचं, मेहनत माझी. ते व्याज घेत नाहीत. नफा निम्मा-निम्मा, तोटा आला तर पैसा त्यांचा जाईल आणि माझं राबणं फुकट, असं स्टँप पेपरवर आहे. पण दिवाळीपासून मालाला उठाव नाही. विश्वासाने पैसे देणाऱ्याला तोटा कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून दर महिन्याला वहीत नफा लिहितो आणि बारा हजार पोचते करतो. त्यापायी उषाच्या पाटल्या मोडल्या. ती जेवायला वाढते तेवढंच.

माया आहे तशी राहू दे.
तुझा हेमराज

धुळे
२२ जानेवारी

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

लहानपणी पतंग कटला तरी मांजा धरून गच्चीवर उभा राहायचास, तशातली ही गत. बँकेत माझी तीस वर्षं गेली, हप्ता कशाला म्हणतात ते मला कळतं. तुला हप्ता नव्हताच, वेड्या. तोटा सोसायचं त्यांनी आधीच कबूल केलंय. त्यांना तुझ्या धंद्यातलं वहीशिवाय काय दिसतं? आणि तीच तू खोटी केलीस. हे वाचून होताच त्यांच्याकडे जा. मला काळजी लागली आहे.

पत्राची वाट पाहणारी,
ताई

डिंडोली
३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

गेलो होतो. याकूबभाई ओरडले नाहीत. तिन्ही महिन्यांच्या छत्तीस हजारांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, न झालेला नफा मला चालत नाही. तोटा करारात माझा आहे, तो मी सोसेन.

मग चहा आला. तो पिताना त्यांनी सांगितलं, नोव्हेंबरचा नफा पाहून डिसेंबरात त्यांनी आपल्या विधवा बहिणीचे दोन लाख आपल्या नावाने यात घातले होते. त्याच पैशांचं मी सूत आणलं होतं, ताई, आणि त्याचं कापड न विकता पडून आहे. पहिल्याच महिन्यात बोललो असतो तर ते वाचले असते. पाकीट तिला द्या म्हणालो, पण त्यांनी हात लावला नाही. आता धंदा बंद करायचा, मशिनं भंगारात जातील. पुढे कुणाला असे पैसे देणार नाही, असंही म्हणाले.

उषाच्या पाटल्या होतील परत. पण मला फार वाईट वाटतं. त्यांची बहीण तुझ्याच वयाची आहे. याकूबभाई तिला काय सांगणार, हे न विचारताच मी उठून आलो.

लोभ असू दे, असं लिहायचीही आज लाज वाटते.
हेमराज